कोपऱ्यापर्यंतचा मोर्चा

चहा घ्या आधी. नाहीतर मग म्हणाल, शोभाताई बोलत बसल्या आणि चहाचं सरबत झालं. आणि एक कबूल करा, मधेच हसायचं नाही. हा प्रकार मी माझ्या पोरीला फोनवर सांगितला तर ती पंधरा मिनिटं नुसती हसत होती. आणि फोन मी लावला होता, तिची काळजी करायला!

तर झालं काय, माझ्या एकटीच्या शहाणपणापायी एका रविवारी सकाळी नाशकातल्या द्वारका चौकामागच्या आमच्या गल्लीत चाळीसेक माणसं जमली, आणि आपण इथे नक्की कशाला आलोय हे त्यातल्या एकालाही कळेना. त्या चाळिसात मलाही धरा.

थांबा, मुळापासून सांगते.

गेल्या वर्षी माझ्या जावेकडे सत्यनारायण होता. कथा ऐकायला मी आपली सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले. कथा संपली, आरती सुरू झाली, सगळे उठले. मी खालीच! अहो, उठताच येईना. एकदा उजव्या हातावर जोर देऊन बघितला, एकदा डाव्या. शेवटी दोन बायकांनी दोन बगलांत हात घालून मला उभं केलं. तोवर भटजी टाळ्या थांबवून माझ्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "गुडघ्यांना काही झालेलं नाही. पायात ताकद नाही तुमच्या. वजनं उचला."

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझं मलाच उचलवत नाहीये, त्यात आणखी कोणाचं उचलू?"

पण गेले. घरापासून पाच मिनिटांवर एका जुन्या गोदामात जिम आहे. जिम म्हणजे तुम्ही समजता तसली नाही हं. आरसे नाहीत, गाणी नाहीत, गारेगार हवा नाही. नुसत्या लोखंडी कांबी, चकत्या, रबराच्या चटया आणि भिंतीवर एक मोठा काळा फळा. शिकवणारी तेजल, वय सव्वीस. ही मुलगी दोन माझ्याएवढ्या बाया डोक्यावर धरील अशी. आणि आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा सरळ उभी राहतात.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. फळ्यावर लिहिलं होतं, ‘आज डेडलिफ्ट’. मी सगळ्यांसमोर विचारलं, "कुठली लिफ्ट बंद पडली गं? दुरुस्तीवाल्याला बोलावलंय का?"

अहो, गोदामाला वरचा मजलाच नाही! सगळी बॅच पोट धरून हसली. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरची कांब वाकून उचलायची, हे मला मग कळलं.

आता माझं कसं आहे, मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचून वाचून माझं इंग्रजी झालेलं आहे. आत काय असतं ते मात्र मला कधी कळलं नाही. पण ग्रंथालयातल्या बाईला इंग्रजी येत नाही असं कोणी म्हटलेलं मला खपत नाही. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं, यापुढे विचारायचं नाही. मान हलवायची, शेजारचा काय करतो ते बघायचं आणि तसंच करायचं. सात महिने हे छान चाललं, बरं का!

आणि सात महिने मी गेले. रोज. थंडीत नाशिकमध्ये सकाळी सहाला घराबाहेर पडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पण त्या फळ्यावर प्रत्येकाचं नाव आहे. आलात की नावापुढे खडूने बरोबरची खूण करायची. माझ्या नावापुढे सात महिन्यांत चारच घरं रिकामी. ते चार दिवस मी तापाने झोपले होते.

त्या चार दिवसांत काय झालं सांगू? आमच्या बॅचमधली शबाना, ब्लाउज शिवते, तिने दोन्ही वेळचं गरम सूप पाठवलं. साळवे काका, रेल्वेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झालेला माणूस, रोज संध्याकाळी दारात उभे, "शोभाताई, उद्या येताय ना?" तिसऱ्या दिवशी आमचे हे त्यांना म्हणाले, "अहो, ताप आहे तिला." तर काका म्हणाले, "ते दिसतंय. मी उद्याचं विचारतोय."

तीस वर्षं झाली मला माहेरच्या नामपूरहून नाशकात येऊन. मी एक दिवस दिसले नाही तर चौकशी करतील अशी माणसं मला त्या गोदामात पहिल्यांदा मिळाली. या लोकांसाठी आपणही एकदा काहीतरी मोठं करावं, असं मनात घोळत होतं. इथेच पाय घसरला!

एका मंगळवारी ग्रुपवर तेजलचा मेसेज आला. जसाच्या तसा सांगते: ‘रविवारी सकाळी सहाला फार्मर्स वॉक! पूर्ण बॅच पाहिजे. घरच्यांना, मित्रांना घेऊन या. आता रस्त्यावर उतरायचं! आणि या वेळी वजन कमी पडता कामा नये.’

तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय होतो? फार्मर म्हणजे शेतकरी. वॉक म्हणजे चालणं. रस्त्यावर उतरायचं. आणि वजन कमी पडता कामा नये, म्हणजे वजनदार माणसं आणा! त्या दिवसांत कांद्याचे भाव पडलेले, पेपर उघडला की तेच. मला अगदी भरून आलं हो. म्हटलं, बघा, ही शहरातली पोरं! सकाळी घाम गाळतात आणि शेतकऱ्यांसाठी मोर्चाही काढतात!

आमचे हे म्हणाले, "तिला एकदा नीट विचारून घे."

"यात विचारायचं काय?" मी म्हटलं. "एवढं इंग्रजी येतं मला."

तरी मी दुसऱ्या दिवशी तेजलला गाठलंच. अर्थ विचारायला नाही, तपशील विचारायला.

"तेजल, रविवारी किती लांब जायचंय गं?"

"लांब नाही काकू. इथल्या शटरपासून कोपऱ्यापर्यंत. आणि परत."

कोपरा म्हणजे किती? पिठाची गिरणी सोडली की आलाच! एवढासा मोर्चा?

"एवढंच?"

"पाच वेळा करायचं ना पण! मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती."

विश्रांती? मोर्चाला? मला काही कळेना. पण मग वाटलं, पोलिसांनी परवानगी तेवढीच दिली असेल. तेवढ्याच जागेत पाच वेळा फिरायचं. पोरगी हुशार आहे!

"आणि घोषणा?" मी विचारलं. "म्हणजे, ओरडलं तर चालेल ना?"

"ओरडा की बिनधास्त! ओरडलं की जोर येतो. फक्त हातातलं खाली टाकायचं नाही. काहीही झालं तरी पकड सोडायची नाही."

"छे छे, झेंडा कोण खाली टाकेल!"

हे ती ऐकतच नव्हती, कोणाच्या तरी कमरेचा पट्टा आवळत होती.

"बरं, माझा भाऊ आणि गावची मंडळी येतील. नामपूरचे. सगळे शेतकरीच."

"अय्या, खरे फार्मर!" तेजल टाळी वाजवून हसली. "आणा, आणा!"

"वजनदार माणसं आहेत हं."

"काकू, माणसं कशीही चालतील. वजन आपल्याकडे भरपूर आहे."

एवढीशी पोर आणि हिचं एवढं वजन! मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

संध्याकाळी भावाला फोन लावला. माझा धाकटा भाऊ दगू. हा कसा आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नामपुरात कुठलीही सभा असो, कांद्याची असो, पाण्याची असो, दगू सतरंज्या घालण्यापासून हजर. पण त्याला भाषण कधी देत नाहीत. शेवटी आभार मानायला उभा करतात, आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात. पंधरा वर्षं हा माणूस निघून जाणाऱ्या लोकांचे आभार मानतोय!

मी सगळं सांगितलं.

"दगू? ऐकतोयस ना?"

"आक्का," तो हळूच म्हणाला, "शहरातले लोक आपल्यासाठी चालणार? काय सांगस!"

"अरे, पोरीने मेसेज टाकलाय! माझ्याच बॅचची आहेत सगळी."

"आन मग… भाषण कोनाचं शे?"

आता काय बोलू! भाषणाचं मला कुठे काय माहीत होतं? पण त्याचा आवाज ऐकला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुझंच!"

रविवारी मी साडेपाचलाच जाऊन उभी राहिले. काठपदराची साडी, पायात बूट. मोर्चा म्हणून साडी, लांब चालायचं म्हणून बूट. हळूहळू बॅच आली. सगळी नेहमीच्याच कपड्यांत, घट्ट पँट, टी-शर्ट. एकाच्याही हातात फलक नाही. शबानाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दीदी, कहीं शादी है क्या?"

"अगं, मोर्चाला जरा बरं दिसायला नको?"

"कसला मोर्चा?" ती म्हणाली. पण तेवढ्यात तेजलने तिला हाक मारली आणि ती पळाली. मला वाटलं, गंमत करतेय.

तेजल रस्त्यावर खडूने रेघा मारत होती. एक शटरसमोर, एक कोपऱ्यावर. मग साळवे काकांनी आणि दोघांनी मिळून लोखंडी वजनं बाहेर आणून ओळीने मांडली, ती गोळ्याला वर कडी असते ना, तसली. मी बघतच राहिले. मोर्चात हे कशाला? मग म्हटलं, शेतकऱ्यावरच्या ओझ्याचं प्रतीक असणार. आजकाल असलं फार करतात.

बरोबर सहाला दोन पिकअप गल्लीत शिरल्या.

बावीस माणसं! पांढऱ्या टोप्या, खांद्यावर टॉवेल, पुढे कापडी फलक, ‘कांद्याला भाव मिळालाच पाहिजे’. मागच्या पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्या. पहाटेच्या अंधारात निघून शंभरेक किलोमीटर आली होती ही माणसं. आणि सगळ्यात पुढे आमचा दगू, कडक इस्त्रीचा सदरा, एका हातात भोंगा, दुसऱ्या हातात चार घड्या घातलेला कागद.

तेजलचं तोंड उघडंच राहिलं. "काकू… हे सगळे तुमचे?"

"माझेच!" मी छाती पुढे काढून म्हटलं.

"सगळे वॉक करणार?"

"त्यासाठीच तर आलेत!"

तिने हिशोब केला असणार, बावीस माणसं आणि वजनं बारा. तिने डोक्याला हात लावला, पण पोरगी मोठी हिमतीची. म्हणाली, "ठीक आहे. गट पाडू. आधी साळवे काका करून दाखवतील. बाकीच्यांनी मागून यायचं."

तिकडे दगू मला विचारतोय, "आक्का, हाई काय शे?" आणि लोखंडाकडे बोट.

"प्रतीक आहे ते," मी म्हटलं. "ओझ्याचं."

दगूने लगेच मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "प्रतीक शे, प्रतीक!" बावीस माना हलल्या. कोणाला काही कळलं नाही, पण शहरातलं काहीतरी भारी आहे एवढं पटलं.

तेजलने शिट्टी मारली. साळवे काका दोन हातांत दोन वजनं घेऊन चालायला लागले. ताठ, नजर समोर, अडुसष्ट वर्षांचा माणूस. आणि त्यांच्या मागे माझं अख्खं नामपूर! दगूने भोंगा तोंडाला लावला, "कांद्याला भाव…"

"मिळालाच पाहिजे!"

गल्लीतल्या खिडक्या फटाफट उघडल्या. साळवे काका दचकले, पण पकड सोडली नाही. कोपऱ्यावर पोचले, खडूची रेघ आली, आणि काका नियमाप्रमाणे गर्रकन वळून परत यायला लागले.

आता बघा. काका वळले. मागे बावीस माणसं अजून पुढेच चाललेली. काका त्यांच्या मधून वाट काढतायत, "सरका, सरका, हातात वजन आहे!" पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले, फलक दोघांच्या डोक्यात अडकला.

"मोर्चा मांगे फिरना रे!" कोणीतरी ओरडलं.

"का? पोलीस आले का?"

"ठरलंय तसं," मी पुढे होऊन समजावलं. "पाच वेळा जायचं, पाच वेळा यायचं."

"पाच वेळा?" एक तात्या होते, दगूच्या शेजारच्या मळ्यातले, सत्तरीचे. ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "मंग पोचायचं कुठं?"

खरं सांगते, तोवर मलाही शंका यायला लागली होती. पण माणूस एकदा मान हलवायला लागला की थांबत नाही. मी म्हटलं, "आधी पूर्ण तर होऊ द्या, मग कळेल."

दुसरी फेरी सुरू झाली. या वेळी सगळे शहाणे झाले. काका वळले की सगळ्यांनी वळायचं. म्हणजे शेवटचा पहिला आणि पहिला शेवटचा. तिसऱ्या फेरीला दगू भोंगा घेऊन एकदा पुढे, एकदा मागे असा पळत होता. शबाना दोन वजनं घेऊन मधोमध अडकली होती आणि भाव मागत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "सब बोल रहे थे, तो मैं भी बोली!"

कोणीतरी गॅलरीतून फोन केला असावा. मोटारसायकलवरून एक हवालदार आले. वही काढली.

"मोर्चा कोणाचा?"

चाळीस बोटं माझ्याकडे.

"चाललाय कुठे?"

"कोपऱ्यापर्यंत," मी म्हटलं.

"आणि तिथून?"

"परत."

"आणि मग?"

"पुन्हा कोपऱ्यापर्यंत."

हवालदारांनी पेन थांबवलं. माझ्या साडीकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. "बरं. मागणी काय आहे?"

"कांद्याला भाव!" दगू.

"हाताची पकड सुधारायची!" तेजल.

दोघं एकदमच बोलले. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हवालदारांनी दोन्ही लिहून घेतलं.

"पकड?" दगू म्हणाला.

"कांदा?" तेजल म्हणाली. आणि मग ती सावकाश माझ्याकडे वळली. "काकू… फार्मर्स वॉक म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

मी नुसतं त्या फलकाकडे बोट केलं.

"काकू, व्यायामाचं नाव आहे ते. दोन हातांत वजन घ्यायचं आणि चालायचं. पाठीला आणि हाताच्या पकडीला चांगलं असतं. शेतकरी बादल्या नेतो तसं दिसतं, म्हणून फार्मर्स वॉक. आज बाहेरच्यांसाठी आपला खुला दिवस होता, म्हणून रस्त्यावर घेतलं."

आधी बॅचमधलं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग अख्खी बॅच. नामपूरचे मात्र कोणी हसले नाहीत. ते दगूकडे बघत होते. आणि दगू माझ्याकडे.

तेवढं एक तोंड मला अजून आठवतं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता हातातला कागद आणखी एकदा दुमडला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. म्हणाला, "असू दे आक्का. इंग्रजी शब्द शे. कोनाचंबी होईल असं."

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. गावाला आता हा काय सांगणार? बहिणीने व्यायामाला बोलावलं म्हणून? मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी आहे. मला अर्थ माहीत नव्हता आणि विचारायची लाज वाटली. तुमचा कोणाचा काही दोष नाही." बॅचचं हसणं थांबलं.

साळवे काका टॉवेलने मान पुसत पुढे आले. रेल्वेत असताना संघटनेत होते ते. दगूला म्हणाले, "दादा, त्या कागदात काय आहे?"

"भाषन होतं."

"मग होतं कसं? आहे ना! आम्ही तीन फेऱ्या भाव मागितला, आता कशाला मागितला ते तरी कळू द्या."

तेजलने आतून उड्या मारायची लाकडी पेटी आणून रस्त्यात ठेवली. दगू वर चढला. कागद उघडला, दोन ओळी वाचल्या, मग कागद बंदच केला. म्हणाला, "कांदा काढला म्हंजे संपत नाही. कांदाचाळीत साठवला का पाच-पाच महिने ऱ्हातो. सडला का, कोंब आला का, रोज जाऊन हातानं बघावं लागतं. एक दिवस चुकला तर वास येतो. तुमीबी रोज येता म्हनं इथं. फळ्यावर हजेरी लावता. आमीबी रोज जातो. फक्त आमच्याकडं हजेरी लावायला फळा नाही."

आणि खाली उतरला. एवढंच! आभारसुद्धा मानायचे विसरला. पण एक माणूस हलला नाही. हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली होती. पहिली टाळी शबानाने वाजवली आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, दगूला कुठे बघावं कळेना.

मग काय, वातावरणच बदललं. नामपूरची मंडळी वजनं हातात घेऊन बघायला लागली. तात्यांनी तेजलला गाठलं.

"पोरी, हे उचलून न्यायचं कुठं?"

"कोपऱ्यापर्यंत."

"तिथं ठेवायचं?"

"नाही, परत आणायचं."

"मंग उचलायचं कशाला?"

तात्यांनी वजन हळूच खाली ठेवलं आणि गोणीवर बसून घेतलं.

तेवढ्यात तेजल ओरडली, "काकू! तुमची फेरी राहिलीय. रविवार असला तरी खूण फुकट मिळणार नाही."

दगू म्हणाला, "आक्का, तू उचलस हे?"

बास! मघापासून गेलेली माझी सगळी अब्रू त्या एका फेरीत परत मिळवायची होती. पदर खोचला. हवालदार म्हणाले, "कोपऱ्याच्या पुढे गर्दी न्यायची नाही हं, तेवढं बघा." मी म्हटलं, "कोपऱ्याच्या पुढे जायचंय कोणाला?" दोन्ही हातांत एकेक वजन घेतलं, पाठ ताठ केली, नजर समोर. तेजलने शिकवलेलंच आहे, नजर खाली गेली की पाठ वाकते.

मागून घोषणा सुरू झाली, "शोभाआक्का, आगे बढो!"

काय सांगू! सात महिन्यांपूर्वी सतरंजीवरून उठता येत नव्हतं, आणि आता हातात लोखंड, मागे माझं माहेर, माझी बॅच, आणि एक हवालदार. पिठाची गिरणी मागे गेली. हात भरून आले, पण मी चालतेय. कोपऱ्यावरची खडूची रेघ शोधायला नजर खाली न्यायची नव्हती. आणि नेली असती तरी काय, ती रेघ बावीस जणांच्या चपलांनी केव्हाच पुसून गेली होती.

मागून आरडाओरडा वाढला. दगूने भोंगा हातात घेतला होता. "आक्का, पळ! आक्का, पळ!" सगळे ओरडायला लागले, "पळा! पळा!" मला वाटलं, वजन घेऊन पळायचं? पण एवढी माणसं सांगतायत तर पळायलाच पाहिजे. आता मी कोणाला विचारत बसणार होते? मी पाय उचलले आणि जी सुटले!

ते ‘वळ’ म्हणत होते हो. ‘वळा, वळा!’

मी कोपरा ओलांडला, औषधांचं दुकान ओलांडलं, दुसरं वळण घेतलं. पाठीमागचा आवाज अचानक बंद झाला. नंतर कळलं, हवालदारांनी कोपऱ्यावर दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलं होतं. कोपऱ्याच्या पुढे एक पाऊल नाही म्हणाले. तेजल त्यांच्याशी भांडत राहिली आणि मी इकडे थेट द्वारकेच्या मोठ्या रस्त्यावर! समोर बस, ट्रक, हॉर्न. तिथे मी थांबले, वजनं खाली ठेवली आणि मागे बघितलं. कोणीच नाही!

वजनं परत उचलायला गेले, तर बोटं मिटेनात. हातात जीवच नाही. फोन जिममध्ये, माणसं कोपऱ्यावर, आणि काठपदराची साडी नेसून मी चौकात दोन लोखंडी गोळ्यांपाशी उभी. शेवटी एका रिक्षावाल्याला हात केला. सज्जन माणूस, वजनं उचलून द्यायला खाली उतरला. पहिलंच उचलताना त्याचा चेहरा बदलला.

"ताई, काय आहे हे?"

"लोखंड."

"आणलं कुठून?"

"मागच्या गल्लीतून."

"हातात? चालत?"

"पळत."

"बरं. न्यायचं कुठे?"

"मागच्या गल्लीत."

त्याने दुसरं वजन रिक्षात ठेवलं, माझ्या हाताला धरून मला अगदी सांभाळून आत बसवलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, घाबरू नका. घरच्या कोणाचा नंबर आठवतोय का?"